विहिरीकाठचे पांढरे भुट्टे

बाबांची मिल बंद झाली तेव्हा पहिले काही महिने आमच्या घरात कोणी ते वाक्य पूर्ण बोललं नाही. सगळे नुसतं 'तिकडचं' म्हणायचे. तिकडचं काही कळलं का? तिकडचं सुरू होणार म्हणतात. बाबा मिलच्या टाइम ऑफिसात होते, लोकांच्या हजेऱ्या मांडायच्या हे त्यांचं काम. भोंगा वाजायचा थांबला तरी ते सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून, सायकल काढून गेटापर्यंत जाऊन यायचे. तिथे त्यांच्यासारखे पुष्कळ जण उभे असायचे. मग एक दिवस ते गेले नाहीत. पेपर घेऊन खाटेवर बसून राहिले. त्या दिवशी आईने ओट्यावर शेगडी मांडायचं ठरवलं.

आमचं घर बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत, भाड्याचं, दोन खोल्यांचं. पण त्याला रस्त्याच्या अंगाला चांगला रुंद ओटा होता. देवळात जाणारे येणारे त्याच्यासमोरूनच जायचे. आईच्या हातचा भुट्ट्याचा कीस मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होता. कोवळी मक्याची कणसं किसायची, तुपात जिरं-हिंग-मिरचीची फोडणी करून तो कीस परतायचा, आणि मग थोडं थोडं दूध घालत मंद आचेवर हलवत राहायचं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. इंदुरात हे घरोघरी होतं, त्यामुळे विकत कोण घेणार, असं बाबांचं म्हणणं.

"लोकांना किसायचा कंटाळा येतो," आई म्हणाली. "मला येत नाही."

पण खरी अडचण भुट्ट्यांची निघाली. मंडीतून आणलेल्या भुट्ट्यांचा भरवसा नसायचा. कधी दाणा जून, कधी पाणचट. पाणचट भुट्ट्याचा कीस कितीही हलवला तरी मिळून येत नाही, कढईत लापशीसारखा पसरतो. एक दिवस वैतागून आई मंडीच्या मागच्या भिंतीपर्यंत फिरली. तिथे व्यापाऱ्यांच्या ढिगांपासून लांब एक बाई पोतं टाकून बसली होती. लाल लुगडं, हातात चांदीची जाड कडी. तिचे भुट्टे आखूड आणि पांढरे होते.

"छोटे हैं," आई म्हणाली.

त्या बाईने एक भुट्टा सोलला, आईच्या तोंडासमोर धरला आणि दाण्यात नख रोवलं. दुधाचा शिंतोडा थेट आईच्या चष्म्यावर उडाला. आधी ती बाई हसली, मग आई.

"जीजी," ती म्हणाली, "असो भुट्टो थाने शहर में नी मिलेगो."

आईने अख्खं पोतं घेतलं. ते एकटीला उचलेना म्हणून दुसरं टोक धरून ती बाईही आमच्या घरी आली. अशी ती आमच्याकडे आली, ती पुढे बरीच वर्षं येत राहिली. आई तिला 'बेन' म्हणायची, ती आईला 'जीजी'. आम्ही भावंडं मावशी म्हणायचो. तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं ते काही दिवस ठरेना, मग मोहल्ल्यातल्या पोरांसारखं मौसाजी म्हणायला लागलो.

त्यांचं गाव महूच्या पुढे, मानपूरच्या अलीकडे, मुंबईच्या सडकेला लागून. जमीन थोडीशीच. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत मावशी सकाळच्या बसने पोतं घेऊन यायची. नळावर पाय धुवायची, बशीतून चहा प्यायची आणि तोंडावर पदर घेऊन ओट्यावरच घटकाभर आडवी व्हायची. उठली की आईबरोबर भुट्टे सोलायला बसायची. सोलता सोलता दोघी बोलायच्या. आई मराठीत, मावशी माळवीत, आणि मधे जी काही भाषा व्हायची ती त्या दोघींचीच होती. मावशीला एकच मुलगी, ती लांब दिलेली. तिच्या सासरच्या गोष्टी आईला आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ होत्या.

नातेवाइकांचं सांगायचं तर, आमच्यातले बरेच जण जुन्या सरकारी घराण्यांतले. पणजोबा दरबारात कारकून होते, याचा अभिमान अजून उतरलेला नव्हता. आईने शेगडी मांडल्यावर बाबांचे एक चुलतभाऊ मुद्दाम येऊन म्हणाले, "वहिनी, आपल्यातल्या बायका असं रस्त्यावर बसत नाहीत." आई ते गेल्यावर आत जाऊन उगीचच डबे पुसत बसली. मावशी त्या दिवशी तिथेच होती. तिला मराठी सगळं समजायचं. संध्याकाळची बस सोडून ती आईच्या शेजारी ओट्यावर मांडी घालून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खणखणीत आवाजात हाका मारायला लागली. "आवो भिया, आवो! गरम कीस खाव!" आई लाजेने अर्धी झाली, पण त्या दिवशी कढई लवकर रिकामी झाली. काका परत कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

एकदा नवरात्राच्या सुट्टीत आम्ही सगळे तिच्या शेतावर गेलो होतो. शेत सडकेपासून खाली उतरत गेलेलं, वर ट्रकांची रांग, खाली विहीर आणि विहिरीभोवती मका. मौसाजींनी गोवऱ्यांच्या विस्तवावर भुट्टे भाजले. ते कमी बोलायचे, पण बाबांविषयी त्यांना कुतूहल होतं.

"बाबूजी, मिल में आप कई काम करता था?"

"लोग आए कि नहीं आए, वो लिखता था."

मौसाजींनी जरा विचार केला. "बस? इतरोज?"

आम्हाला वाटलं, बाबा दुखावतील. पण ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मिल बंद झाल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

मावशीच्या स्वयंपाकाच्या जागेत, चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या वाशाला बियाण्याची कणसं टांगलेली होती. ते बी तिच्या सासूचं, सासूच्याही आधीचं. दरवर्षी बियाण्याचं कणीस कोणतं ठेवायचं ते मावशीच ठरवायची. मौसाजींनाही त्यात बोलायची मुभा नव्हती. ते नांगरायचे, ती बी निवडायची.

अशी वर्षं गेली. मी शिकले, शाळेत नोकरीला लागले. बाबांनी एका कपड्याच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. शहर बदलत होतं. उदारीकरण हा शब्द आधी पेपरात होता, मग रस्त्यावर दिसायला लागला. मोठमोठी काचेची दुकानं झाली, ज्यांच्या आत थंडी असायची आणि भाज्यांवर बारीक फवारा मारत राहायचे. तिथे भुट्टा सोलून, तासून, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असायचा. पिवळाधमक, सगळे एका मापाचे. माझ्या शाळेतल्या बायका तोच घ्यायला लागल्या. "स्वीट कॉर्न" म्हणायच्या त्याला. मुलं आवडीने खातात म्हणायच्या.

एका उन्हाळ्यात मौसाजी एकटेच आले. ते सहसा यायचे नाहीत, म्हणून आई घाबरली. पण काही वाईट नव्हतं. अशाच एका मोठ्या दुकानांच्या कंपनीची माणसं त्यांच्या गावात येऊन गेली होती. बी कंपनी देणार, खत-औषध काय घालायचं ते सांगणार, आणि तयार भुट्टा शेताच्या बांधावरून गाडी घेऊन जाणार. मंडीत जायला नको, दलाल नको. भाव आधीच ठरलेला. फक्त पीक त्यांचंच घ्यायचं, पिवळं, गोड.

"बाबूजी, आपने कंपनी देखी है," मौसाजी म्हणाले. "म्हने कई समज नी पड़े. आप कहो तो करूँ, आप कहो तो नी करूँ."

आईला वाटलं होतं, ते नको म्हणतील. ज्या माणसाला एका कंपनीने वाऱ्यावर सोडलं, तो दुसरीवर कसा विश्वास ठेवेल? पण बाबा तिच्याकडे बघत होते. ती ओट्यावर वाफेत उभी होती, पदराने मान पुसत.

"हिला मी रोज बघतो," ते मराठीतच म्हणाले, मग हिंदीत वळले. "भिया, रोज ग्राहक की राह देखना बहुत बुरा होता है. बंधा हुआ काम अच्छा. महीने का महीना पता रहता है कि क्या आएगा. हमारी मिल थी तब तक हम चैन से सोते थे. कर लो."

मौसाजींनी मान हलवली. जाताना ते हलके दिसत होते.

मावशीला हे मान्य नव्हतं असंही नाही. बसमध्ये पोतं चढवून तिचा खांदा कायमचा दुखायला लागला होता. तिने एकच अट घातली. विहिरीकाठच्या थोड्या ओळी पांढऱ्या भुट्ट्याच्या राहतील, जीजीसाठी. मौसाजी हो म्हणाले.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे कबूल केलं पाहिजे. गाडी बांधावर आली, क्रेट भरून घेऊन गेली. घरावर नवीन पत्रे चढले. मावशी आता फक्त पिशवीभर भुट्टे घेऊन, मोकळ्या खांद्याने, नटून यायची. आईला तेवढे पुरायचे नाहीत, बाकीचे ती मंडीतून आणायची आणि दोन्ही मिसळून कीस करायची. जुन्या गिऱ्हाइकांना फरक कळत होता. पण मावशीचा खांदा बरा होता, त्यामुळे आई त्याविषयी तिच्यापाशी काही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी गावातल्या सगळ्यांनीच तो भुट्टा लावला. माल जास्त झाला आणि मग गाडीबरोबर येणारा माणूस निवडायला लागला. हा आखूड, हा वाकडा, याच्या टोकाला अळी. दुकानातल्या ट्रेमध्ये बसेल तेवढ्याच लांबीचा पाहिजे. काही दिवस गाडीच यायची नाही. फोन केला तर कळायचं, शहरात माल पडून आहे, आज नको. गोड भुट्टा तोडल्यावर थांबत नाही. एका दिवसात त्याची गोडी उतरते आणि साल सुकायला लागते. न तोडला तर शेतातच जून होतो. पांढरा भुट्टा राहिला तर त्याचं पीठ व्हायचं, घरात भाकरी व्हायची. हा राहिला तर बैलापुढे टाकायचा.

मग एक दिवस त्या माणसाने मौसाजींच्या क्रेटमधले भुट्टे सोलून पाहिले. पिवळ्या दाण्यांत मधेमधे टणक, पिठूळ दाणे होते. त्याने आणखी सोलले. विहिरीकडच्या बाजूच्या सगळ्यांत तसेच.

"देसी लगा रखा है कहीं?" त्याने विचारलं.

मौसाजींनी विहिरीकडे बोट दाखवलं. मक्याच्या तुऱ्याची धूळ वाऱ्याने उडते आणि शेजारच्या कणसावर बसते, हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण ते सगळं आपलंच होतं, त्यात बिघडण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या माणसाने शांतपणे समजावून सांगितलं, म्हणे. त्याने आवाज चढवला नाही. हा माल घेता येणार नाही, आणि विहिरीकाठचा मका काढल्याशिवाय उरलेलाही घेता येणार नाही. वरून तसं सांगितलंय. गाडी रिकामी परत गेली.

मावशी तेव्हा घरात भाकऱ्या करत होती. मौसाजींनी कोयता घेतला आणि विहिरीकडे गेले. तिला आवाज आला. ती पिठाच्या हातांनी धावत गेली तोपर्यंत निम्म्या ओळी आडव्या झाल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. कणसांत तेव्हा नुकतं दूध भरत होतं.

हे तिने आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्या दिवशी तिने पाय धुतले नाहीत. चहा बशीत ओतला आणि तसाच राहू दिला.

"म्हारे पूछता तो सही," ती म्हणाली. "म्हूँ खुद काट देती, जीजी. पण पूछता तो सही."

आईने तिचा हात हातात घेतला. दोघी तशाच बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी उठून कीस वाढला.

विहिरीकाठचं सगळं कापूनही कंपनीची गाडी नीट आली नाही. थोडे दिवस आली, मग तिचं येणं तुटक झालं, मग कळलं की त्यांनी दुसरीकडे कुठेतरी मोठ्या बागायतदारांशी बोलणं केलंय, जिथे एकाच ठिकाणी सगळा माल मिळतो. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. जो माणूस यायचा त्याचीही बदली झाली होती.

एका दुपारी आमच्या गल्लीत एक टेम्पो आला. मागे तोंडापर्यंत पिवळे भुट्टे, वर मावशी बसलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी मौसाजी. मंडीत कोणी उचलले नव्हते. तिथे त्या दिवशी सगळीकडे तेच होते. त्यांना परत नेणं शक्य नव्हतं आणि फेकवत नव्हतं. मग मावशी म्हणाली, जीजीकडे चला.

आईने दोन्ही मोठ्या कढया चढवल्या. मी, मावशी, शेजारच्या दोघी किसायला बसलो. पण किसणीवरून नुसतं पाणी गळत होतं. फोडणीत घातल्यावर तो कीस आटेना, आटला तर चिकट झाला, आणि मिरची कितीही घातली तरी शिऱ्यासारखा गोड लागायचा. आईने लिंबू पिळलं, मीठ वाढवलं, थोडा रवा घातला. मावशी कढईकडे बघत उभी होती. शेवटी आईने झारा खाली ठेवला.

"बेन, याचा नाही होत ग," ती म्हणाली.

मग आम्ही ते भुट्टे तसेच उकडून वाटले. मोहल्ल्यातली पोरं टोळ्या करून आली, मिटक्या मारत खात होती. कोणी कोणी चार-चार भुट्टे घरी घेऊन गेलं. देवळातून येणारे थांबून विचारायचे, आज काय आहे, कसला उत्सव? आणि टेम्पो अजून अर्धाही रिकामा झाला नव्हता.

मौसाजी ओट्याच्या कडेला, गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. बाबा आतून बाहेर आले. दार धरून जरा वेळ उभे राहिले, मग त्यांच्या शेजारी बसले. एव्हाना बाबांना खाली बसायला त्रास व्हायचा, तरी बसले.

"मैंने कहा था, कर लो," बाबा म्हणाले.

मौसाजींनी डोकं वर केलं. "आपने तो भला सोच के कहा था, बाबूजी."

"मुझे तो मालूम होना चाहिए था. औरों को नहीं, मुझे तो मालूम होना चाहिए था."

पोरं नाचत होती, ड्रायव्हर घाई करत होता. बाबांचा हात मौसाजींच्या पाठीवर होता. पुढे आयुष्यभर बाबांनी कोणालाही, कसलाही सल्ला दिला नाही. माझ्या बदलीच्या वेळीसुद्धा विचारलं तर म्हणाले, "तूच बघ."

मावशीकडे चुलीवर टांगलेली कणसं होती. तिने पुढच्या पावसात ती लावली. गावात इतर जण अजून पिवळ्याच्या मागे होते. आता कुठला तरी व्यापारी ते बी विकायचा. कणसं भरली तेव्हा मावशीने पहिलं सोललं आणि पांढऱ्यात पिवळे दाणे निघाले. एखाद्या कणसात चार, एखाद्यात मूठभर. तिने त्यातली बरी दिसतील ती बियाण्याला ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी दाणे सुरकुतले, चिमले. एका कणसावर तीन तऱ्हा. तिने ओळीने सगळी सोलली म्हणे, सबंध शेतातली, आणि ठेवण्यासारखं एकही मिळालं नाही. आई मंडीत, खेडेगावातून येणाऱ्या बायकांपाशी, महूच्या बाजारात विचारत फिरली. पांढरा भुट्टा मिळायचा, पण तो हा नव्हता. आखूड, दाटीचा, नख लावलं की दूध उडवणारा तो कोणाकडेच नव्हता.

पुढच्या गोष्टी पटापट झाल्या. मौसाजींनी जमीन एका ढाबेवाल्याला वापरायला दिली. सडकेला लागून असल्यामुळे तिथे ट्रक उभे करायला सोय झाली. ते दोघं इंदुरात आले. सांवेर रोडला एका गोदामात मौसाजी माल उतरवायला लागले आणि मावशी भाज्या निवडून पॅक करण्याच्या शेडमध्ये. हे आम्हाला तिच्याकडून नाही, महूच्या एका भाजीवालीकडून कळलं.

आईला ते फार लागलं. मानपूरहून पोतं घेऊन येणारी बाई सांवेर रोडहून येऊ शकत नाही? एका रविवारी ती मला घेऊन निघाली. विचारत विचारत आम्ही त्यांची खोली शोधली. कारखान्यांच्या मागे, पत्र्याच्या ओळीतली एक. मावशी दारात होती. तिने आम्हाला पाहिलं आणि आधी पदर डोक्यावर ओढला, मग घाईघाईने आत जाऊन चादर झटकली. तिच्या बोटांची टोकं पाण्यात राहून पांढरी पडली होती.

"आली का नाहीस ग?" आईने बसायच्या आधीच विचारलं.

"खाली हाथ कसे आऊँ, जीजी?"

"माझ्याकडे यायला हातात काय लागतं तुला?"

मावशीने शेजारणीकडून दूध आणून चहा केला. मौसाजी कामावर होते. आई सारखी बोलत होती. बाबांच्या गुडघ्यांचं, माझ्या शाळेचं, गल्लीत कोण राहायला आलं त्याचं. मावशी मान हलवत होती. निघताना आईने तिच्याकडून वचन घेतलं, पुढच्या रविवारी ये, नुसती ये.

ती आली. त्याच रविवारी नाही, पण आली. स्वच्छ लुगडं नेसून, केस चापून. आईने सकाळपासून तयारी केली होती. शोधून शोधून आणलेले त्यातल्या त्यात बरे भुट्टे, चांगलं दूध, घरचं तूप. शेगडी ओट्यावर न मांडता आत मांडली होती. आई तेव्हा विकायचं बंद करत आली होती. कीस वाढून मावशीपुढे ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसली.

एरवी मावशी आमच्याकडे खायची तेव्हा तोंडाचा पट्टा सुरू असायचा. तिखट जास्त झालंय, दूध आधी घातलंस, हिंग कुठला आणलास, आणि आई तिला म्हणायची, तूच कर मग. त्या दिवशी ती एकेक घास सावकाश खात होती. मधे एकदा तिचा हात थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने पुढचा घास घेतला. ताटलीत काही शिल्लक ठेवलं नाही, कडेने बोट फिरवून पुसून घेतलं.

"बहुत अच्छो बन्यो, जीजी," ती म्हणाली.

आई हसली. "अजून घे."

"नी नी. पेट भर गयो."

मग तिने ताटली स्वतः उचलली नाही. पूर्वी ती तडक मोरीवर जाऊन भांडी घासायची, आईला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, आणि आईने ताटली उचलल्यावर जरा सरकून जागा दिली. बाबांना वाकून नमस्कार केला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि उन्हं कलायच्या आत निघाली. शेडमध्ये दुसऱ्या पाळीला जायचं होतं म्हणाली.

आई तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा ओट्यावर बसली. मी विचारलं, काय म्हणाली जाताना?

"तकलीफ दी म्हणाली," आई म्हणाली. "मला म्हणाली, जीजी, थाने तकलीफ दी."

आणि पदर तोंडात धरून आई रडायला लागली. मी शेजारी बसले. समोरून देवळात जाणारी माणसं जात होती, काही ओळखीची होती, पण थांबलं कोणी नाही.